सव्वानऊ

सकाळी सहा. मर्थरच्या जलतरण तलावात मी एकटी,
काठावर इद्वल, सदुसष्ट वर्षांचा,
हातात स्टॉपवॉच, पायात घरातल्या सपाता.
चाळीस फेऱ्या.
दोन टाळ्या म्हणजे वेग वाढव.
एक टाळी म्हणजे खांदे सैल सोड.
पाण्यात टाळी धड ऐकू येत नाही,
म्हणून मागच्या नाताळात मी त्याला शिट्टी दिली होती,
पितळी, लाल दोरीची.
त्याने ती मुठीत धरली, दोनदा थँक यू म्हणाला,
आणि टाळ्याच वाजवत राहिला.

मला वाटलं, चिकट म्हातारा,
जपून ठेवली असेल.

चव्वेचाळीसाव्या वर्षी हे खूळ.
इस्पितळात रोज लोकांची हाडं
उजेडासमोर धरून बघते;
स्वतःच्या गुडघ्यांशी बोलायला यंदा लागले.
जूनमध्ये दीड किलोमीटर पोहायचं,
चाळीस सायकल, मग दहा धावायचं.
आई फोनवर विचारते, कुणी पाठी लागलंय का?
मी सांगते, दम लागला की डोक्यात
दुसरं काही उरत नाही.

आज उरलं.

एकवीस ऑक्टोबर. चहा पिऊन सायकली काढल्या,
टॅफच्या काठाने खाली, ओल्या पानांवरून,
दरीत धुकं, वर डोंगरावर ऊन.
त्याही दिवशी असंच होतं म्हणतात.
एरवी तो फाटकाशीच निरोप घेतो.
आज मागे आला, काही न सांगता,
त्याची चेन करकरत होती.

अ‍ॅबरव्हॅनपाशी करकर थांबली.
मी बरीच पुढे गेले होते, वळून आले.
उतारावर कबरींच्या पांढऱ्या कमानी, ओळीने.
दुरून मला नेहमी वाळत घातलेले
गणवेश वाटायचे.
कधी बोलले नाही, ते बरं झालं.

"हजेरी चालू होती," तो म्हणाला.
"माझं नाव यायचं होतं."

मग बराच वेळ काही नाही.

"खाणीचा सगळा गाळ वरून आला.
बाहेर बापलोक हातांनी उकरत होते.
मधेच कुणीतरी शिट्टी फुंकायचं,
की सगळं थांबायचं. फावडी, ट्रक, बायका.
आत कुणी आहे का, म्हणून कान द्यायचे.
मी होतो.
शिट्टी मला ऐकू यायची.
त्यानंतरची शांतता माझ्यासाठीच होती,
तिच्यात ओरडायचं होतं,
आणि तोंडात चिखल."

एकशे सोळा मुलं. मोठी माणसं अठ्ठावीस.
आकडे मला पाठ होते, फलकावर वाचलेले.
त्यांचा काही उपयोग झाला नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे माळीण.
मी मंचरची, तिथून फार लांब नाही.
तोही डोंगर, तीही सकाळच.
मी तेव्हा इथे, रात्रपाळीहून परतलेली,
फोनवर बघितलं, आणि झोपले.
हे शेवटचं कुणाला सांगितलं नव्हतं.

तो म्हणून बघायला लागला: मालिन.
मालीन.
ळ त्याला येत नाही.
मला त्यांचा जोड-ल येत नाही,
जीभ टाळूला लावून कडेने वारा सोडायचा,
दोन वर्षं शिकवतोय.

सव्वानऊ.
त्याने टोपी काढली. मी हेल्मेट.
खाली रस्त्यावर एक व्हॅन बाजूला उभी राहिली,
इंजिन बंद झालं.
त्याच्या जॅकेटच्या खिशातून
लाल दोरीचं टोक बाहेर आलं होतं.
मी बघितलं. मी बघितलं, हे त्यानेही बघितलं.

"चल," तो म्हणाला, "पाय गार पडतील."

परतीचा सगळा चढ.
मी हँडल आवळून, मान खाली घालून,
पँडलवर उभी राहून रेटत होते,
आणि मागून, करकरीतून,
हात सोडून वाजवलेली
एकच टाळी.