ब्युरेट क्रमांक सात

माझं पद : प्रयोगशाळा परिचर.
म्हणजे किल्ल्या, फडकी, ब्रश
आणि बाटल्यांवरची पुसटलेली नावं
दर जूनमध्ये पुन्हा लिहिणं.
बारावीच्या फिजिक्सनं मला दोनदा परत पाठवलं,
तिसऱ्यांदा मी आत शिरलो तो झाडू घेऊन.
एकोणीस वर्षं झाली.
आता फ्लास्कमधला गुलाबी किती फिकट आला की थांबायचं
हे मला सरांच्या आधी कळतं.

सुकेशनी रंगारी, बीएस्सी दुसरं वर्ष,
आरमोरीपासून चौदा किलोमीटर आत तिचं गाव,
आई शाळेत खिचडी शिजवते.
एसटी उशिरा यायची म्हणून
तिच्या वाट्याला उरायचं सात नंबर.
त्याची तोटी गळते.
मी सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली होती,
तरी मिनिटाला दोन थेंब बाजूनं टेबलावर जायचेच.
पोरगी कुरकुरली नाही.
घड्याळ बघायची, थेंब मोजायची,
उत्तरातून वजा करायची.
"वीस थेंबांचं एक मिली होते काका."
"हे पुस्तकात कुठी आहे वं?"
"पुस्तकातली तोटी गळत नाही जी."

भेंडारकर सर दारात उभे राहून ऐकत होते.
काही बोलले नाहीत.
मंगळवारी एक छापील कागद घेऊन आले :
पुण्याच्या संशोधन संस्थेत सहा आठवडे,
राहणं, जेवण, वर महिन्याचं मानधन.
शेवटची तारीख शुक्रवार.

मग काय काय निघालं!
उत्पन्नाचा दाखला गेल्याच वर्षी संपलेला,
तलाठी साळ्याच्या लग्नाला लाखांदूरला,
बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं नाही,
आणि आधारवर 'सुकेशिनी', मार्कशीटवर 'सुकेशनी'.
एका वेलांटीसाठी
तिचा बाप दोन दिवस मजुरी पाडून
तहसीलच्या ओट्यावर बसला.

अर्जात विचारलं होतं :
तुम्हाला विज्ञान का शिकायचं आहे? पाचशे शब्द.
तिनं तोटीबद्दल लिहिलं.
गुरुवारी रात्री लाइट गेली,
मी मोबाइलचा टॉर्च धरला, सर इंग्रजी करत गेले.
'गळणं' या शब्दापाशी दोनदा थांबले,
खोडलं, पुन्हा लिहिलं.

शुक्रवारी अकरा चाळीसला
सेतू केंद्राच्या अर्ध्या उघड्या शटरखाली
आम्ही चौघं एका गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत होतो.
मच्छर चावत होते. कोणी हात हलवला नाही.

निवड झाली नाही. नाव प्रतीक्षा यादीत, तिसरं.
मे महिन्यात कोणीतरी दोघं-तिघं दुसरीकडे गेले
आणि एका दुपारी फोन आला,
तेव्हा ती आईसोबत मोहफुलं वेचत होती.
तिकिटाला पैसे नव्हते.
कॉलेजच्या विद्यार्थी निधीत होते, पण नियम होता :
फक्त क्रीडा स्पर्धेसाठी.
हिशेबनीस गहाणे बाईंनी चष्मा पुसला
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'धावणे'.

चौथ्या दिवशी पुण्याहून तिचा फोन.
"काका, माझं पहिलंच उत्तर चुकलं."
"कावून?"
"इथली तोटी गळत नाही ना.
सवयीनं थेंब वजा केले मी."
आम्ही दोघं बराच वेळ हसलो.
ती आधी थांबली.

तेव्हापासून तो हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.
ह्या सभागृहात उद्या कोणी पाहुणा माइकवर सांगेल,
गळक्या तोटीनंच पोरी घडतात म्हणून.
टाळ्याही पडतील.

सरांनी स्वतःच्या पैशानं नागपूरहून मागवलेली तोटी
काल पार्सलनं आली.
मी लगेच बसवली, पाणी भरलं,
खाली कोरडा कागद ठेवला
आणि स्टूल ओढून पंधरा मिनिटं बसून राहिलो.
कागद कोरडाच.

आज एसटी उशिरा आली.
पहिल्या वर्षाचं एक पोरगं, कुमरे आडनाव,
धापा टाकत दारात.
म्हटलं, ये बापा,
सात नंबर घे.