रुमालाखाली

अप्पा बैलबाजारात दलाल होते, उदगीरला.
बिदरचा गिऱ्हाईक कन्नडात घासाघीस करायचा,
जहिराबादचा तेलुगूत,
कुरेशी मामू दखनीत, अर्धं बोलत, अर्धं थुंकत.
भाव मात्र ठरायचा रुमालाखाली,
बोटांत बोटं घालून,
मुक्यानं.

मी सात वर्षांची. देवणी गोऱ्ह्याच्या दाव्यापाशी उकिडवी बसून
रुमालाकडं नाही, तोंडांकडं बघायचे.
सौदा जुळायच्या आधी माणूस एक आवंढा गिळतो.
मोडायचा असला तर बैलाकडं बघतो.
शाळेत पाढे येत नव्हते मला.
हे येत होतं.

पुढं चेन्नईत, एसीच्या काळोखात,
सतरा वर्षं मी हेच विकलं.

मल्याळममध्ये नऊ सिनेमे, तुळूत दोन,
आसामीत एक, ज्याचं निम्मं शूटिंग पुरानं होऊच दिलं नाही
अन् उरलेल्या निम्म्यातून मी गोष्ट लावली.
भाषा येत नाही म्हटलं की निर्माते आधी घाबरतात,
मग पैसे कमी करतात.
मी म्हणते, आवाज बंद करा. सीन दाखवा.
बाई ताट सरकवते.
नवरा तांब्याकडं हात नेतो
अन् नेता नेता थांबतो.
त्या थांबण्यात कात्री घालायची नाही.
तिथं कापलं तर
दोघं नुसतेच जेवत असतात.

चुकलेही. कोलकात्यात, सुरुवातीला.
नायिका म्हणते, ‘जाबो ना’.
तिचे डोळे खाली गेले अन् मी तिथंच कापलं, ‘जाबो’वर.
‘ना’ राहिला बाहेर.
बंगालीत नकार शेवटी येतो,
आपल्या ‘जाणार नाही’सारखाच,
आणि मराठी बाईला ते कळू नये!
तीन दिवस ती पोरगी माझ्या पडद्यावर
त्या माणसाबरोबर जायला तयार होती.
चौथ्या दिवशी दिग्दर्शक आला. बघितलं. हसला नाही.
पाच फ्रेमा होत्या,
सेकंदाचा पाचवा हिस्सा.
मी त्या परत जोडल्या.
अजूनही शेवटचा शब्द संपला की मनात पाच मोजते,
मग बोट खाली.

परवा गावाकडं आले.
अप्पा आता बाजारात जात नाहीत, गुडघे.
बाजेवर बसून त्यांनी माझा मल्याळम सिनेमा
भाच्याच्या मोबाइलवर बघितला.
शब्द एक कळला नसेल. दोन तास उठले नाहीत,
मध्ये एकदा फक्त तंबाखू मळली.
शेवटी म्हणाले,
“समदं बरं हाय.
ती म्हातारी दार लावलालीय बघ, तिथं घाई केलीस.
लावलं नव्हतं की तिनं अजून.”

त्या दारावर मी सोळा रात्री घालवल्या होत्या.
सव्वा सेकंद ठेवू की पाऊण,
अन् शेवटी पाऊणच ठेवला होता,
कारण रीळ पुढं न्यायची होती,
कारण सोळावी रात्र होती.
कुणी काही बोललं नव्हतं. बक्षीसही मिळालं होतं.
मी चहा गाळायला आत गेले
अन् गाळून झाल्यावरही तिथंच उभी राहिले.

रात्री, जेवणं झाल्यावर,
त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला.
“एका शिनिमाचं काय घेतीस?
बोलू नगंस.”
हात पुढं केला, वर रुमाल टाकला.
मी त्यांची चार बोटं धरली.
शंभर, हजार की लाख,
ते रुमालाखाली कधीच कुणी सांगत नाही.
ते माझ्या तोंडाकडं बघत होते.
आवंढा गिळला की नाही, मला ठाऊक नाही.

मग त्यांनी हळूच
आणखी एक बोट माझ्या मुठीत घातलं
अन् बैल नसलेल्या दावणीकडं
बघत बसले.