दोनशे पानी वही

घरत बाईंनी टेबलावर चहा नाही ठेवला,
वही ठेवली.
दोनशे पानी, एकेरी रेघांची, खाकी कव्हर,
करावे गावातल्या दुकानातली;
मागे किमतीचा स्टिकर तसाच.

म्हणाल्या, पोरासोबत ही जाईल, पोरासोबत येईल,
घणसोलीहून नेरूळला, नेरूळहून घणसोलीला.
लिहायचं ते कैवल्यबद्दल.
'तू' हा शब्द लिहायचा नाही.
'नेहमी' लिहायचा नाही. 'कधीच' पण नाही.

मी मनात म्हटलं,
तासाचे बाराशे घेतात
आणि व्याकरण शिकवतात.

माझ्या वकिलाच्या फाइलीत माझा मुलगा
'अर्जदाराचे अज्ञान अपत्य' होता.
तिच्या वकिलाच्या फाइलीत मी नुसता 'गैरअर्जदार'.
वहीच्या पहिल्या पानावर त्यानं स्वतः नाव घातलं,
इयत्ता दुसरी ब,
आणि एक डायनासोर काढला, दोन शेपट्यांचा.
दोन का, हे बाईंनी विचारलं नाही.
मीही नाही.

पहिल्या शनिवारी निशिगंधाचं अक्षर आलं:
'खोकला आहे. औषध पिवळ्या झाकणाचं. रात्री साडेआठला.'
तेवढंच.
चार वेळा वाचलं, टोमणा शोधत.
सापडला नाही याचाच राग आला.

मी लिहिलं, 'औषध दिलं. वेळेवर.'
आणि 'वेळेवर'खाली रेघ मारली.

पुढच्या बैठकीत बाईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं
आणि चष्मा पुसत बसल्या.
खाली पाम बीच रोडवर सिग्नल सुटला,
लागला, परत सुटला.
रेघ काय म्हणत होती
ते मला माझ्याच आवाजात ऐकू आलं.

मग पानं भरत गेली.
नखं कापली. गणिताच्या बाईंनी बोलावलंय.
भेंडी खाल्ली, (चक्क) खाल्ली.
त्र्याऐंशी पानावर पडलेल्या दाताचं चित्र,
तिनं काढलेलं; तिला चित्रं काढता येतात
हे मी विसरलो होतो.
खाडीवर फ्लेमिंगो आले तेव्हा मी लिहिलं:
'विचारतो, ते एका पायावर का उभे राहतात.
मला सांगता आलं नाही.
कुणाला माहीत असल्यास लिहावं.'
रविवारी उत्तर:
'ऊब टिकते म्हणून, असं पुस्तकात आहे.'
'कुणाला' मध्ये किती जण मावतात!

एकशे सोळाच्या पुढचं पान वहीत नाही.
दिवाळीच्या सुटीवरून मी काहीतरी लिहिलं,
आणि पहाटे फाडलं.
काय ते कोर्टातही सांगितलं नाही, इथेही नाही.
पण शिवणीच्या वहीचं असं असतं,
एक पान ओढलं की
मधल्या दोऱ्यापलीकडचं जोडीचं सैल होतं.
शुक्रवारी कैवल्यच्या दप्तरात
दाताचं पान सुटं पडलं होतं, कोपरा दुमडून.

घरत बाईंनी खणातून फेविकॉल काढला,
माझ्यासमोर सरकवला
आणि खिडकी लावायला उठल्या.
मी चिकटवलं. तिरकं बसलं.
निशिगंधानं दोन बोटांनी दाबून धरलं,
सुकेपर्यंत. आम्ही बोललो नाही.
बोलायचं नव्हतंच, सुकायचं होतं.

निकाल लागला. साडेतीन पानं.
वार, तास, मे महिन्याचे अर्धे अर्धे दिवस,
सगळं नीट, सही, शिक्का.
बाईंची फी तिथे थांबू शकली असती.
आम्ही दोघांनीही थांबवली नाही,
वेगवेगळे फोन करून.

परवा वही चाळत बसलो होतो.
कैवल्य आता तिसरीत आहे,
जोडाक्षरं वाचतो, दुकानांच्या पाट्या वाचतो,
मला वाटलं होतं तेवढंच वाचतो.

पहिल्या शनिवारचं पान.
पिवळं झाकण, साडेआठ.
वेळेवर, आणि ती रेघ.
तिच्याखाली पेन्सिलीनं, जोर देऊन, नवं अक्षर:
'मला खोकला नव्हता.'

सोमवारी साडेचारची वेळ घेतली आहे.
निशिगंधालाही कळवलंय:
वही घेऊन यावं. म्हणजे, मीच आणतो.
नुसतं यावं.