आठातले सहा

बेलापूरला, सोसायटीच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला पाठ टेकून
मी अजून आकाशाचे आठ भाग करतो.
चौतीस वर्षं पगार याचाच मिळाला:
किती भाग झाकले, ढग कुठल्या जातीचा,
तळ किती उंच.
रात्री ढग दिसत नाही,
तेव्हा न दिसणारे तारे मोजायचे.
आता पाम बीचचे दिवे तारेच ठेवत नाहीत,
म्हणून रात्रीची नोंद मी बंद केलीय.

आज सकाळी साडेआठ. आठातले सहा.
डिसेंबरात.

खाली दिवाळ्याच्या जेट्टीवर
चांगुणाबायचा जवळा, तीन ताडपत्र्या,
सुकायचं नाव नाही.
काल तिनं मला बाजारातच गाठलं:
"तुमी आभाल मोजता ना?
मंग सांगा, ह्यो कदी उठल?"

मी सांगायला गेलो. बाई, हा इथला नाही.
तिकडे खाली, विषुववृत्तापाशी,
समुद्र दिवसेंदिवस उन्हात पडून राहतो,
तापतो, वाफ सोडतो,
वाफेचे मनोरे चढतात,
त्यांची सावली त्याच पाण्यावर पडते,
वारा सुटतो, पाणी ढवळतं, निवतं,
निवलं की मनोरे ढासळतात
आणि ऊन पुन्हा कामावर रुजू.
महिना-दीड महिन्याचा फेरा.
त्याची एखादी कड पूर्वेला सरकता सरकता
आपल्यावर रेंगाळली असेल. कदाचित.

ती पिशवी खाली ठेवून म्हणाली,
"तापला म्हनून झाकला,
झाकला म्हनून निवला.
आमच्या जावांचं भांडान असाच हाय.
पन सुरवात कोनी केली?"

चौतीस वर्षांत हा रकाना
कुणी आखून दिला नव्हता.

तिला दुसरं सांगितलं नाही.
पेरूच्या किनाऱ्याकडे पाणी गार,
वर बुटक्या ढगांची गोधडी;
गार म्हणून गोधडी टिकते,
गोधडी म्हणून गार राहतं.
आणि एखाद्या वर्षी पाणी जरा कोमट झालं
की गोधडी विरते,
ऊन आत शिरतं,
पाणी आणखी कोमट, गोधडी आणखी विरळ.
तिथं भांडण नाही, दोघांचं एकमत आहे.
मला एकमताचीच भीती वाटते.
त्या वर्षी इथला पाऊस कुठे जातो
हे माझ्या जुन्या वह्यांत आहे,
जुलैच्या पानांवर, आठातले दोन,
आठातले दोन, आठातले एक.

दुपारी चार. आठातले पाच.
चांगुणाबाय खराट्यानं जवळा उलटतेय,
वर बघत नाही.
वास गच्चीपर्यंत येतो, थोडा आंबूस.
एक ताडपत्री ती गुंडाळून बाजूला ठेवते,
कोंबडीखाद्यवाल्याचा टेम्पो
कडेला उभाच आहे.

मी पाच लिहितो.
मग समासात, बारीक अक्षरात:
जवळा, तीनातले दोन.