पिशवीतून दिसणारे आकडे

लुंग खाम्पून पिशवी उजेडात धरतो,
तिच्यामागे सोडतीचं तिकीट.
मीच शिकवलं होतं : मागे छापील काहीतरी ठेवा,
वाचता आलं, तर पोट ठीक.
वर्तमानपत्र त्याच्या घरी येत नाही.
तिकीट येतं, महिन्यातून दोनदा, न चुकता.

फेब्रुवारी सरताना आकडे पुसट झाले.
एप्रिलात साताचा एक झाला.
जूनमध्ये तिकीटच दिसेना,
पिशवीत नुसती पेज.

आमच्या वहीत दोन रकाने :
औषध संपून चार आठवड्यांत तोच जंतू आला,
तर दुखणं उलटलं.
दुसराच आला, तर पुन्हा झालं.
मी दोनदा लिहिलं, उलटलं.

मग मोटरसायकल काढून
खोंग नदीच्या कडेकडेने त्याच्या घरी गेले, चूक शोधायला.
मास्क नाकावर. पंखा बंद. कोंबड्या बाहेर.
हात चोळताना तो मोठ्याने साठपर्यंत मोजतो,
एकही आकडा गाळत नाही.
नळीच्या तोंडाशी तरी हिरवट ओल.

पायरीपाशी रांजण होता.
"पावसाचं आहे, पोरी. आभाळातून थेट.
कुणाचा हात लागलेला नाही."
मी आत बोट फिरवलं.
बुळबुळीत.

नळीतही असंच, मी म्हटलं. लेप धरतात, घर करतात,
औषध दारावरून परत फिरतं.
नळी काढावी लागेल.
तो पोटावर हात ठेवून बराच वेळ गप्प.
"चार वर्षं राहिली," म्हणाला,
जशी ती भाडेकरू, आणि भाडं कधी थकवलेलं नाही.

पावसाळाभर तो बसने खोन केनला गेला,
यंत्राला हात देऊन पडून राहिला.
नवी नळी उजवीकडून घातली.
आता पाणी उकळून, झाकून, गार करून.
रांजणात त्याच्या सुनेने कांद्याची पात लावलीय.

परवा रात्री फोन : "पोरी, आकडे दिसत नाहीत."
बावीस किलोमीटर मी काय काय ठरवत गेले.
टॉर्च धरला. चार, शून्य, सात, सात, एक, पाच.
"दिसतात की."
"तुला दिसतात."
मी टॉर्च त्याच्या डोळ्यांकडे वळवला.
डाव्या बाहुलीत दुधाचा थेंब.

तो हसला, मग मीही.
नमुना मात्र घेतलाच,
पहाटे प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला.
तिकीट सोळा तारखेचं होतं.
लागलं नाही.