कोरी

ठाण्याच्या जुन्या कबरस्तानात नोंदी करायचं काम होतं,
तीन महिने, रोजावर.
दगडावर ओलं फडकं फिरवलं की अक्षरं वर यायची,
सुकायच्या आत वहीत उतरवायची.
एका आडव्या शिळेवर: एलायझा, कुणा कॅप्टनची बायको.
वय, वन स्कोअर अँड वन.

स्कोअर म्हटल्यावर मला मॅचच आठवली.
गवत काढणारा पास्कू म्हणाला,
एक रन काढून आऊट झाली बिचारी.

रात्री शब्दकोशात सापडलं:
स्कोअर म्हणजे खाच.
मेंढ्या मोजणारा विसावर पोचला
की काठीवर सुरीने एक खाच पाडायचा
आणि पुन्हा एकपासून.

रविवारी दिवाळ्याला गेले.
चांगुणामावशी बांगडे मोजून पाटीत टाकत होती.
तिला सगळं सांगितलं, काठी, खाच, मेंढ्या.
तिचा हात थांबला नाही.
"एक कोरी न एक. यान काय कठीन हाय?"
मग थांबला.
"पोरच व्हती गो."

आमच्यात घोड्याचा घोरा होतो, कोडीची कोरी.
हे विसरायला मी शाळेत शिकले.

दोन वर्षांपूर्वी तिला बेलापूरच्या खिडकीवर नेलं होतं,
ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डासाठी.
वय?
तीन कोरी न चार.
कारकुनाला त्यातलं कोरी तेवढं कळलं.
त्याने चौकट कोरी ठेवली,
जन्माचा दाखला आणा म्हणाला.
आणि मी, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशी,
"मावशी, नीट सांग ना, चौसष्ट!"
परतीच्या रिक्षात ती खाडीकडे बघत बसली.

आता पाटीवर फडकं टाकत म्हणाली,
हाताची दहा, पायाची दहा,
कोरी म्हंजे एक मानूस भरला.

म्हणजे एलायझा:
एक अख्खा माणूस
आणि दुसऱ्याचं एक बोट.
म्हणजे माझी मावशी तीन बायका जगून
चौथीची चार बोटं हलवत बांगडे मोजते आहे.

सोमवारी वहीत, मराठी अर्थाच्या रकान्यात,
मी एकवीस लिहून खोडलं.
लिहिलं: एक कोरी न एक.
साहेब विचारतील, ही कोरी कसली?
विचारू देत.