राहिलं तिथून

सीपी काही बोलत नाही.
डावीकडे जुनी डिस्क, उजवीकडे नवी,
मध्ये मी, आणि पडद्यावर कर्सर,
नुसता डोळे मिचकावणारा.

शहाण्णव हजार फोटो आहेत हिमनदीचे.
अकरा वर्षं, तासाला एक.
हिवाळ्यात नारिनला दहाला वीज जाते.
आत्ता पावणेनऊ.

बेकमुरात आके शेगडीत गोवरी सारतात.
"किती झालं?"
माहीत नाही.
"चाललंय का तरी?"
तेही माहीत नाही. डिस्कला कान लावते,
गाभण मेंढीच्या पोटाला आके लावतात तसा.
आत कुरकुर आहे. म्हणजे असावं.

या कमांडची ही जुनीच खोड:
सुरळीत असेल तर गप्प,
बिघडलं तरच तोंड उघडायचं.
माझे वडीलही असेच होते, पण त्यांना
कंट्रोल-सी नव्हतं.

ते दाबते. आरसिंक लिहिते,
पुढे दोन रेघा देऊन सांगते, प्रगती दाखव.
आकडे बोलू लागतात,
आणि बोलू लागले की थापाही मारतात:
चाळीस मिनिटं. तीन तास. बारा मिनिटं.
पुन्हा दीड तास.

आके हसतात. उन्हाळी कुरणाकडे चढताना
त्यांचे वडील दर वळणावर म्हणायचे,
आलंच, त्या सोंडेपलीकडे.
"सात सोंडा होत्या. पण खरं सांगितलं असतं
तर मी पहिलीलाच बसकण मारली असती."

फाइलींची नावं वर सरकतात. मे. जून. जुलै.
बर्फ कुठवर होता ते नावात नसतं.
मला तरी दिसतो कडेचा तो काळा दगड,
पहिल्या वर्षी जो फोटोत नव्हताच.

एकाहत्तर टक्क्यांना वीज गेली.
दहाला पाच कमी होती.
तिचाही अंदाज चुकला.

अंधारात फक्त लॅपटॉप, बॅटरीवर,
आणि एक ओळ: डिस्क सापडत नाही.
"आता पहिल्यापासून?"
नाही, म्हटलं. सकाळी वीज आली की
हीच कमांड पुन्हा. झालेलं तपासून सोडून देईल,
राहिलं तिथून उचलेल.

आके बराच वेळ गप्प.
मग कंदील लावला, माझ्या वाडग्यात चहा ओतला.
"विसरत नाही," म्हणाले, "हे बरं आहे तिचं."

वर डोंगरात कॅमेऱ्याने
दहाचा फोटो घेतला असेल,
सबंध काळा.
तोही धरायचा.
शहाण्णव हजार एक.